नावेचं माहेरपण

नावेला त्यांनी निळा ऑइलपेंट फासला आहे. आमच्या नावेला. माझ्या बापाने, आबाने, जिला जन्मभर तेल आणि राळ सोडून दुसरं काही लागू दिलं नाही, ती आता पुलाच्या तोंडाशी सिमेंटच्या चौथऱ्यावर भर उन्हात उभी आहे. मधोमध लोखंडी पाइप ठोकलाय, ती म्हणे डोलकाठी. पाइपापासून दोन्ही टोकांना नायलॉनच्या दोऱ्या ताणल्यात आणि त्यांच्यावर लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांच्या माळा सोडल्यात. पुढच्या बाजूला एक हसणारा मासा रंगवलाय. माझं सगळं बालपण गंगेच्या काठावर गेलं, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, पण हसणारा मासा काही मी पाहिला नाही.

"कशी काय वाटली, आत्या?" दत्ताने विचारलं. दत्ता माझ्या भावाचा मुलगा. मी कुंभार पिंपळगावला माझ्या लेकाकडे राहते. तिथून मला सकाळीच गाडीत घालून तो इथं माहेरच्या गावी घेऊन आला होता. संध्याकाळी नावेचं उद्घाटन होतं. पाणी सुटून इतकी वर्षं झालेल्या नावेचं कसलं उद्घाटन, ते मला कळलं नाही.

"तुला असं उन्हात बांधून ठिवलं तर कशी वाटंल?" मी म्हटलं.

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

मी नावेच्या बुडाला हात लावला. दोन फळ्यांमधल्या फटीत बोट घातलं तर आत सिमेंट. पांढरं सिमेंट, न्हाणीघराच्या फरशीत भरतात ते. लाकूड उन्हात आटतं आणि पाण्यात फुगतं. फटीत कापूस असला तर तो लाकडाबरोबर दबतो, लाकडाबरोबर उठतो. सिमेंट कशाबरोबरच हलत नाही. एखाद-दोन पावसाळ्यांत ते फळ्या फोडून काढील. नावाड्याच्या नातवाला एवढं ठाऊक नाही, आणि वर पाटी लावलीय, 'आपला वारसा' म्हणून.

एका सांध्यातलं सिमेंट आताच सुटायला लागलं होतं. तिथं नख घालून खरवडलं आणि बोट नाकाशी नेलं. वरवर रंगाचा वास, रॉकेलचा वास. त्याच्या खाली, अगदी खाली, जवसाच्या जुन्या तेलाचा वास होता. कडवट, खवट, ओल्या गोणपाटासारखा. मी तिथंच उभी राहिले. दत्ता काहीतरी सांगत होता, मंत्री येणार नाहीत पण त्यांचा माणूस येणार आहे वगैरे. मी ऐकलं नाही.

होळी सरली की गंगा खाली बसायची. गुडघाभर पाणी उरायचं, माणसं धोतरं-लुगडी वर धरून चालत पार व्हायची, नावेला काम उरायचं नाही. मग एक दिवस आबा म्हणायचा, "चला, लेकीला माहेरी आणू." लेक म्हणजे नाव. बैल जुंपून, खाली बाभळीचे गोल ओंडके सरकवत तिला काठावरच्या चिंचेखाली आणायचे. ओंडके कुरकुरायचे, माणसं "हां बराबर, हां बराबर" म्हणून ओरडायची, आणि नाव रेती सोडून वर यायची तेव्हा तिच्या बुडाला चिकटलेल्या शेवाळातून पाणी टपटपत असायचं. माय भाकरतुकडा ओवाळून टाकायची. नावेच्या पुढच्या टोकावर तांब्याभर पाणी ओतायची. पायच धुवायची ती तिचे. सासरहून आलेल्या लेकीचं जे करतात ते सगळं.

पहिले काही दिवस तिला कोणी हात लावायचा नाही. पोरं जवळ खेळायला लागली तरी आबा खेकसायचा, "थकून आली ती, पडू द्या!" दुपारच्या वेळी तर ठोकाठोकी बिलकुल बंद. दुपारी नाव झोपते म्हणे.

मग कामाला सुरुवात व्हायची. नारळाच्या शेंडीने आणि वाळूने बूड घासायचं. शेवाळ खुरप्याने काढायचं. ते वाळलं की त्याला मासळीसारखा वास यायचा आणि गावातली मांजरं चिंचेखाली येऊन बसायची. नाव पालथी घातली की आबा एकेका फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत जायचा आणि कान लावायचा. आकडीने फटींमधला जुना कापूस ओढून काढायचा. तो काळाकुट्ट झालेला असायचा, गोठ्यात जाळला की डास पळायचे. नवा कापूस मांडीवर वळून त्याच्या करंगळीएवढ्या वाती करायच्या, जवसाच्या तेलात बुडवायच्या आणि लाकडी पाचरीने, मोगरीच्या ठोक्याने फटीत बसवायच्या. वरून राळ आणि तेल उकळून केलेला लेप. कढईतली राळ वितळली की गावभर देवळातल्यासारखा वास सुटायचा. माझ्या नाकात अजून देव आणि नाव यांचा वास एकच आहे.

शिडाचं काम मायकडे. दिवाळीच्या सुमाराला वारा खालून वर वाहायचा तेव्हा ते शीड लावलं की नाव प्रवाहाच्या उलट्या अंगाने चालायची, बाकी वर्षभर ते गुंडाळून पडलेलं. उन्हाळ्यात माय त्याला ठिगळं लावायची आणि बाभळीच्या सालीच्या उकळत्या पाण्यात घालायची, म्हणजे कापड कुजत नाही. कापड विटकरी रंगाचं व्हायचं आणि मायचे हात कोपरापर्यंत तसेच. दोरांचं काम माझं. अंबाडी भिजवून तिचा वाख काढलेला असायचा, तो वळताना एक टोक मी धरून फिरवायचं. जुना दोर तळहातातून ओढत न्यायचा. जिथं टोचला तिथं आतला पीळ तुटलाय असं समजायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती या दोरासाठी, असं मी म्हणते. भाऊ पुढं शिकला. त्याला दोर टोचत नव्हता.

आता अक्काचं सांगते, कारण हे सगळं मी अक्कासाठीच लिहायला घेतलंय.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर गंगेपल्याड, बीडच्या अंगाला, काठावरच. नाव माहेरी आली की अक्कालाही आणायचे. जोवर नाव काठावर तोवर अक्का माहेरी. नाव पाण्यात गेली की पहिल्या खेपेला अक्का तिच्यातच बसून परत. दोन्ही लेकी एकदम आणायच्या, एकदम पाठवायच्या. लोक कौतुक करायचे, नावाड्याचं काळीज मोठं म्हणून.

कसलं मोठं? नावेला पडू द्या म्हणणारा माझा बाप अक्का उंबऱ्यात आल्या आल्या म्हणायचा, "आलीस का, बरं झालं. वाती वळायच्या राह्यल्यात." अक्कासारखी वात कोणाची होत नव्हती. घट्ट, एकसारखी, कुठं जाड नाही कुठं बारीक नाही. म्हणून तिने वळायच्या. सासरी ती जे करत असेल ते करून यायची आणि इथं दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मांडी उघडी टाकून बसायची. कापूस वळून वळून मांडीचं कातडं लाल व्हायचं. त्यावर तेच जवसाचं तेल, नावेचं उरलेलं.

त्या वर्षी अक्काच्या उजव्या दंडावर काळानिळा डाग होता. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, वरचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं, गंगा होती. डाग चोळीच्या बाहीखालून अर्धा दिसायचा. त्याच दिवसांत नावेच्या बुडाच्या एका फळीवर आबाला काळा डाग दिसला. तो डाग तो रोज बघायचा. नखाने दाबायचा, हुंगायचा, ओल आहे का म्हणून गाल लावायचा. शेजारच्या सुताराला दोनदा बोलावलं. "कशानं आला असंल रे?" म्हणून ज्याला त्याला विचारायचा. अक्का तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसून वाती वळत होती. तिला कोणी विचारलं नाही. सुतारानेही नाही.

मीही विचारलं नाही, पण मी बारा वर्षांची होते. आणि आमच्या घरात बारा वर्षांच्या पोरीने विचारायची पद्धत नव्हती.

वाती ठोकायचं काम सुरू झालं तेव्हा मी अक्काच्या शेजारी बसून वाख वळत होते. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, अक्काने एक वात तेलाच्या वाडग्यात बुडवली नाही. वाडग्यावरून नुसता हात फिरवला आणि ती कोरडीच वात फटीत बसवली. मोगरीचे ठोके घातले. वरून लेपाचा हात अगदी पातळ फिरवला. कोरडा कापूस पाणी पितो, तेलाचा पीत नाही, हे आमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही माहीत. मी बघत राहिले.

"काय बघतीस, बारके? वाख वळ," अक्का म्हणाली.

मी वाख वळला. थोड्या वेळाने तिने आणखी एक कोरडी वात घातली, दुसऱ्या फटीत.

नाव तयार झाली की तिची परीक्षा व्हायची. ओंडक्यांवर सरळ ठेवून तिच्यात घागरींनी पाणी भरायचं आणि आबा खाली उताणा पडून बघायचा, थेंब कुठं येतो. जिथं येईल तिथं कोळशाची खूण. एकही थेंब येत नाही तोवर नाव पाण्यात न्यायची नाही. त्या वर्षी थेंब आला. फट दुरुस्त केली, म्हणजे अक्कालाच सांगितली. पुन्हा पाणी भरलं, तर थेंब दुसरीकडून.

"औंदा लई नाटकं करून राह्यली ही," आबा नावेकडे बघून म्हणाला.

माय शिडाला ठिगळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "माहेरवाशीण हाये. हट्ट करणारच की."

मायला ठाऊक होतं. तेव्हा मला तसं वाटलं होतं, आता खात्री आहे.

अक्काला काय हवं होतं ते मी तेव्हाच ओळखलं, कारण ते साधं होतं. गंगा अडवी आली आणि नाव तयार नसली तर कोणी कोणाला पाठवू शकत नाही. पूल तेव्हा नव्हता. लांबच्या पुलावरून वळसा घालून एका सुनेला न्यायला कोणी आलं नसतं. पाणी भरून आलं की दिवाळीपर्यंत तरी उतरत नाही. तेवढे महिने नाव गळत राहिली पाहिजे, एवढंच. अक्काचं सगळं त्या थेंबावर होतं.

आणि पाणी आलं. आमच्याकडे आभाळ अजून कोरडंच होतं, वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. सकाळी उठलो तर गंगेचा आवाज बदललेला. गढूळ पाणी, त्यावर फेस, वाहून आलेल्या काटक्या आणि ओल्या मातीचा उग्र वास. रेतीतली पायवाट दिसेनाशी झाली होती. अक्का काठावर उभी राहून बघत होती. तिने पदर डोक्यावरून घेतला नव्हता. माहेरी असली तरी एरवी घ्यायची.

दोन दिवसांनी पल्याडच्या काठावर तिचा दीर आला. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "आमचं माणूस पाठवाऽऽ!"

आबानेही हात तोंडाशी धरले. "नाव माहेरी हायेऽऽ!"

"कधी येतीऽऽ?"

"अजून रुसलेलीयेऽऽ!"

काठावरची माणसं हसायला लागली. अक्का चिंचेच्या बुंध्यामागे बसून तोंडात पदर कोंबून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढचे काही दिवस हेच. दीर यायचा, ओरडायचा, आबा ओरडायचा, दीर जायचा. अक्काने त्या दिवसांत मला आंबील करून घातली, माझे केस विंचरले, चिंचेचा पाला कुटून त्याची चटणी केली. ती गुणगुणायची. दंडावरचा डाग पिवळा पडून पुसट होत होता.

पण बाजारची माणसं काठावर साचायला लागली. ह्या बाजूची त्या बाजूला, त्या बाजूची ह्या बाजूला. बांगड्यावाला कासम रोज टोपली घेऊन येऊन बसायचा आणि आबाला टोचायचा, "काय नावाडी, नाव बाळंतपणाला आलीया का काय? बाळंतविडा घेऊन येऊ?" लोक पुन्हा हसले, पण आता आबावर. आबाला ते सहन झालं नाही. लेकीच्या दंडावरचा डाग सहन झाला, हे नाही झालं.

त्या दुपारी, नावेच्या झोपेच्या वेळी, तो तिच्याखाली शिरला. उताणा पडून एकेक फट बोटाने चाचपत गेला. एका ठिकाणी थांबला. आकडीने लेप फोडला, वात ओढून काढली आणि हुंगली.

मी पलीकडे दोर घेऊन बसले होते. त्याने वात दोन बोटांत दाबली. तेल निघालं नाही. मग त्याने मान वळवून अक्काकडे पाहिलं. ती वाती वळत होती. तीही त्याच्याकडे बघत होती. वात अक्काची होती, तशी दुसऱ्या कोणाला वळता येत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याने विचारायचं होतं. 'का गं?' एवढंच. फळीला विचारलं होतं तसं.

त्याने तेलाचं वाडगं ओढलं आणि त्या फटीत स्वतः वात भरली. मग दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या नावेला एकही थेंब नव्हता.

माझा बाप वाईट माणूस नव्हता, असं भाऊ शेवटपर्यंत म्हणायचा. नसेल. पण त्याला कळलं होतं, आणि कळून त्याने फट बुजवली. न कळलेल्या माणसाला मी माफ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी नावेची पाठवणी. पाच सवाष्णी आल्या. नावेला हळद-कुंकू, पुढच्या टोकाला हिरव्या खणाची घडी, तांदूळ, नारळ. "जा बाई, नीट जा, सगळ्यांना सांभाळ," असं बायका नावेला म्हणाल्या. काहींनी डोळे पुसले. अक्का गाठोडं घेऊन बाजूला उभी होती. तिची ओटी भरली नाही. कधीच भरत नसत. आमच्या घरात एका दिवशी एका उंबऱ्यावरून एकच ओटी, आणि ती नावेची.

मी मायला विचारलं, "मंग अक्काची आदल्या दिवशी का भरत न्हाईत?"

माय म्हणाली, "ओटी भरल्यावर माणूस उंबऱ्याआत ठिवत न्हाईत गं. आदल्या दिवशी भरली तर आदल्या दिवशी निघावं लागतं." आणि मग हळू, "एक दिवस जास्त राह्यली ना ती."

एक दिवस. माझ्या मायच्या हातात लेकीला द्यायला तेवढंच होतं. त्याचा मला मायपेक्षा इतरांवरच राग येतो.

अक्का नावेत बसली. आबाने बांबू हातात घेतला. तेव्हा अक्का बोलली, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता.

"आबा, हिला तोंड न्हाई तरी तुमाला हिचं समदं ऐकू येतं. मला तोंड हाये."

काठावर कोणी हसलं नाही. कासमसुद्धा टोपलीत बघत राहिला. आबाने बांबू रेतीत रोवला आणि नाव लोटली. तो म्हणाला, "जल्दी नीट बस. धार वढतीया." एवढंच. नाव सुरेख चालली. आतून एकदम कोरडी.

नंतर धरण भरलं, गंगेला धार राहिली नाही. काही वर्षांनी पूल झाला. लोक म्हणाले, आता लेकीबाळींची सोय झाली, कधीही यावं, कधीही जावं. झालं उलटंच. नाव चिंचेखाली पडून राहिली, वाती वळायच्या उरल्या नाहीत, आणि अक्काला आणायला जायचंही कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. लग्नाला, मयताला ती यायची, सकाळी येऊन संध्याकाळी परत. माहेरपणाला कोणी आणली नाही. मला तेव्हा समजलं की ती माहेरपणाला कधी येतच नव्हती. ती कामाला येत होती. माहेरपण नावेचं होतं.

"आत्या, आगं ऐकतीस ना?" दत्ता म्हणत होता. "चौथऱ्यापाशी खुर्ची टाकलीय तुला. आपली जुनी प्रथा हाये ना, नावेची ओटी भरायची, ती करायचीय. तू फक्त सांग कसं कसं करायचं. भरील ही."

ही म्हणजे त्याची बायको, रेखा. ती ताट घेऊन उभी होती. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू.

"मी का न्हाई भरायची?"

दत्ता अडखळला. "तसं न्हाई आत्या... म्हंजी मामा गेल्यापासून... लोक असतेत ना..."

"मी रांडाव हाये म्हणून. नीट बोल की. लोकांना काय आजच कळणार हाये का?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. मांडववाला माळा लावता लावता थांबला होता. मी त्या निळ्या नावेकडे पाहिलं. उन्हात बांधलेली, सिमेंटने फटी बुजवलेली, आणि आता पुन्हा तिची ओटी. पुन्हा तिचीच. इतक्या वर्षांनी, एक थेंब पाणी नसताना, पुन्हा तिचीच!

मी रेखाच्या समोर हात केले. "ताट दे."

रेखा घाबरली असं मला वाटलं. पण तिने विचारलं एवढंच, "आत्याबाई, थोरल्या आत्याबाईंसाठी का?"

मी तिला अक्काचं कधीकाळी सांगितलं होतं. ती विसरली नव्हती.

"हं."

"मंग न्या. नावेसाठी मी दुसरा नारळ आणते." आणि नवऱ्याकडे वळून, "गाडी काढा की. नाव काय पळून जात न्हाई."

"आगं पण कार्यक्रम!"

"संध्याकाळी हाये तो. आता ऊन किती हाये, बघा की."

पूल ओलांडायला बिडी ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. खाली गंगा नाही, हिरवी डबकी आणि वाळूचे खड्डे. एवढ्याशा अंतरासाठी माझ्या बहिणीचं आयुष्य गेलं. मी ताट मांडीवर धरून बसले होते. वळणावर नारळ गडगडला तो मी पकडला. दत्ता तोंड फुगवून गाडी चालवत होता.

अक्का तिच्या लेकाच्या घरी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिला आता अंधुक दिसतं. चाहुलीवरून ओळखलं तिने. "बारके? कोण मेलं?"

"कोणी न्हाई. तुझी ओटी भरायला आले."

ती हसली. समोरचे दोन दात तेवढे राहिलेत. "येड लागलं का? तू बिनकुंकवाची, मी बिनकुंकवाची. कोण कोणाची ओटी भरतंय?"

"पदर पसर."

"लोक काय म्हणतील?"

"लोक पल्याड नावेला माळा घालायलेत. पसर."

तिने पदर पसरला. तिची बोटं सांध्यांत गाठी येऊन वाकडी झालीत, आता एक वात वळता येणार नाही. मी तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. हळद लावली. कुंकवाकडे मी हात नेला तशी तिने मान मागे घेतली, मग आपणच पुढे केली. मी लावलं. दत्ता दारात उभा होता. काही बोलला असता तर मी नारळ फेकून मारला असता.

अक्काने नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी आहे का ते ऐकलं. मग पदराची टोकं घट्ट धरून विचारलं, "नाव कशी हाये?"

"उन्हात उभी केलीय. फटीत सिमेंट भरलंय."

"अरं देवा. मरंल की ती! पाणी तरी पाजा म्हणावं. वरनं ओलं गोणपाट टाका." कढईतली राळ हुंगावी तसं तिने हळदीचं बोट हुंगलं. मग म्हणाली, "ओटी भरली म्हंजी निघायचं आलं, बारके. भरल्यावर उंबऱ्याआत ठिवत न्हाईत. आता ह्या वयात कुठं पाठवतीस मला?"

"माहेरी. रेखानं चूल तुझ्या नावानं पेटवलीय असं समज."

"किती दिवस?"

"नाव काठावर हाये तोवर."

"आन् पाण्यात कधी जायाची ती?"

"तिला खालून सिमेंटात गाडलीय, अक्का."

ती पदराचं टोक तोंडात कोंबून हसायला लागली, चिंचेमागे बसून हसायची तशी, आणि भिंतीला धरून उठताना दत्ताला म्हणाली, "कोपऱ्यातलं माझं गाठोडं घे रे. जड हाये."